झाकलेलं नाव

उत्तरेश्वर सोमवंशी पुण्यात काय काम करतो, हे गावात फक्त त्याच्या आईलाच धड सांगता यायचं. औसा तालुक्यातलं गाव. पिठाच्या गिरणीत कुणी विचारलंच, "सुंदराबाई, पोरगं काय करूलालंय तिकडं?" तर ती म्हणायची, "कुलपं लावूलालंय." समोरची बाई चक्रावली की ही पुढं समजावायची, "कंपूटरात लोकांची दुखणी ठिवल्यात. कुणी बी उठावं अन् बघावं, आसं हू नये मनून कुलपं लावतंय माझं लेकरू."

त्याच्या ओळखपत्रावर याच कामाला चार इंग्रजी शब्द होते. बायकोला, दीपमालाला, ते पाठ होते. पण वाघोलीच्या सोसायटीत कुणी विचारलं तर तीही 'आयटीत आहेत' एवढ्यावरच भागवायची.

कंपनी तपासण्यांची. रक्त, लघवी, थुंकी. पुणे आणि आसपास मिळून साठेक केंद्रं, मुख्य कचेरी खराडीत एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. अकरा वर्षांत जेवढ्या माणसांनी या केंद्रांवर बाही वर केली, त्या सगळ्यांचे रिपोर्ट आधी केंद्राकेंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरांत पडून होते. पुढं ते सगळे उचलून क्लाउडवर नेले, एका जागी. त्या जागेला वेअरहाऊस म्हणायचं. म्हणजे गोदामच. आणि या गोदामाला दार एक, किल्ली एक. 'कॉमन' नावाचं लॉगिन होतं; पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढं एक दोन तीन. तो पांढऱ्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेला असायचा. सफाईवाल्या मावशींनी पुसला तर कुणीतरी पुन्हा लिहायचं, आणि खाली 'पुसू नये'.

लोक त्यातून काम करायचे, आणि कामाशिवायचंही बरंच करायचे. आपल्या माणसांत कुणी तपासणीच्या कंपनीत कामाला असलं की त्याला फोन येतातच. मामाची साखर बघ, शेजारच्यांचा रिपोर्ट लवकर काढून दे. लग्नसराईत वेगळेच फोन. स्थळाची चौकशी. पूर्वी ती मुलाच्या कचेरीत, वाण्याच्या दुकानात, सोसायटीच्या वॉचमनकडं व्हायची. आता बायोडाट्यावरचा मोबाइल नंबर गोदामात टाकला की थेट रक्तापर्यंत व्हायची. यात कुणाला गैर वाटत नव्हतं. जन्माचा प्रश्न आहे, बघायला नको का, असं म्हणून लोक बघायचे.

उत्तरेश्वरनंही बघितलं होतं.

त्याची धाकटी बहीण मुक्ताई आठ वर्षांपासून त्याच्याकडंच वाघोलीत राहत होती. जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. दीड वर्षापूर्वी तिला हडपसरचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. उत्तरेश्वरनं जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मुलाचा नंबर टाकला. मुलाला यकृताचा जुना संसर्ग होता, औषधं चालू होती. त्यानं डबा खाल्ला, आणि मग बाहेर जिन्यात जाऊन मुलाच्या वडिलांना फोन केला. म्हणाला, "पत्रिका जुळत नाही."

मग ते गृहस्थ म्हणाले, "आम्ही पत्रिका दिलीच नव्हती." आणि त्यानंतर, भांडण नाही, तंटा नाही, नुसतं "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते 'बरं' उत्तरेश्वरच्या अंगात काट्यासारखं राहिलं. हे त्यानं बहिणीला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण पुढं एका मोठ्या विमा कंपनीनं अट घातली, की आमचं काम हवं असेल तर कोण काय बघतं याचा बंदोबस्त करा, आणि शिवाय माहितीचा नवा कायदाही आला, तेव्हा मीटिंगमध्ये हे काम कोण घेणार असं विचारल्यावर सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. हात फक्त उत्तरेश्वरनं वर केला.

त्याचे साहेब अवधूत सर नारायण पेठेतले. आवाज कधी चढणार नाही, शब्द कधी वाया जाणार नाही. म्हणाले, "छान. आपल्यात कुणालातरी हौस आहे हे बघून आनंद झाला. फक्त एक करा उत्तरेश्वर, काम थांबता कामा नये."

त्यानं दोनशे पानी वही घेतली आणि टेबलाटेबलाशी जाऊन एकच प्रश्न विचारत सुटला. तुम्हाला काय काय दिसायला पाहिजे, आणि कशासाठी?

"सगळं," लोक म्हणायचे.

"कशासाठी?"

"लागलं तर असावं म्हणून."

"आजवर लागलंय का?"

"नाही लागलं. पण असू द्या."

वहीची बावीस पानं या 'असू द्या'नं भरली. जाहिरातवाल्यांना रोग दिसायला हवे होते, हिशोबवाल्यांना पत्ते, आणि केंद्रांवर माल पोचवणाऱ्यांना बायकांच्या गरोदरपणाच्या तपासण्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण काढतो म्हटल्यावर तोंडं अशी झाली, जशी ताटातली पोळी उचलली.

तक्रार विभागात कुसुमताई बसायच्या. सत्तावन्न वय, निवृत्तीला दहा महिने, राहायला नारायण पेठेतच. चौथ्या मजल्यावर कुणाच्या घरी काय अडलंय हे कुसुमताईंना आधी कळायचं. दीपमालाच्या बाळंतपणात यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यांनी उत्तरेश्वरची वही चष्म्यावरून बघितली.

"शिरगणतीला आलात वाटतं."

"ताई, तुम्हाला काय काय दिसायला हवं?"

"मला? मला आता नीट दिसतच नाही. मोतीबिंदू आहे." मग सरळ होत म्हणाल्या, "हे बघा, माणूस फोनवर ओरडत असतो. रिपोर्ट चुकला म्हणतो. मी रिपोर्ट न बघता त्याला काय सांगू? खायला गोविंदविडा देऊ?"

हे खरं होतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

तीन महिने खपून त्यानं कुलपं बसवली. 'कॉमन' लॉगिन बंद केलं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसेल अशी रचना. कुठल्याही यादीत माणसाचं नाव दिसणार नाही. नावाच्या जागी आठ तारे आणि एक रुग्ण क्रमांक. रिपोर्ट उघडायचाच असेल तर कारण लिहून विनंती करायची. कुणीतरी वरचा ती मंजूर करणार, आणि मगच एक दिवसापुरतं ते पान उघडणार. तक्रार विभागाला मोबाइल नंबरावरून रुग्ण क्रमांक शोधता येईल, पण रिपोर्टसाठी त्यांनाही विनंती करावीच लागेल. कुणी काय मागितलं, कुणी मंजूर केलं, किती वाजता, याची न पुसता येणारी नोंद. त्याला त्या दिवसांत झोप चांगली लागायची.

"मंजुरी कोण देणार?" अवधूत सरांनी विचारलं.

"डॉक्टरांनी द्यावी असं वाटतं. त्यांना कळेल, बघायची खरंच गरज आहे का."

"डॉक्टर हो म्हणाले?"

"नाही. म्हणाले, आम्ही रिपोर्ट तपासायचे की तुमच्या विनंत्या?"

"मग तुम्हीच द्या. तुमच्याइतकं हे कुणाला कळतं?"

पहिल्या सोमवारी एकसष्ट विनंत्या आल्या. शनिवार-रविवारचं सगळं सोमवारी तुंबायचं. उत्तरेश्वरनं प्रत्येकीसाठी फोन लावला. कशाला हवाय, कोणती तक्रार, तक्रारदाराशी बोलणं झालं का. दुपारपर्यंत वीस झाल्या. केंद्रांवर माणसं खोळंबली, एका केंद्रावर एका रुग्णाच्या मुलानं काचेवर हात आपटला. चार वाजता अवधूत सर टेबलाशी येऊन उभे राहिले.

"उत्तरेश्वर, आपल्याला कुलूप लावायला सांगितलं होतं. भिंत बांधायला नाही."

"सर, विचारल्याशिवाय मंजूर करायचं तर मंजुरी ठेवायचीच कशाला?"

"असू द्या ना," सर म्हणाले. "विमावाल्यांना दाखवायला लागते."

पुढच्या सोमवारी त्यानं फक्त कारणाचा रकाना भरलाय का ते बघितलं. त्याच्या पुढच्या सोमवारी एकेकीवर खूण करून बोट दुखलं. मग त्यानंच एक बटण बनवलं, 'सर्व मंजूर'. ज्या विनंत्यांत सगळे रकाने भरलेले आहेत त्या एका दमात मंजूर. त्याच्या यादीत नुसते क्रमांकच असायचे. नावं त्यानं सगळ्यांपासून झाकली होती, त्यात स्वतःपासूनही. नियम म्हणजे नियम. आपल्याला ओळखीचं नाव दिसलं तर आपला हात वाकडा पडेल, असं त्याला हडपसरच्या त्या फोनापासून वाटत होतं.

मुक्ताईला तीन वर्षांपूर्वी क्षय झाला होता. दोन महिने खोकला हटेना, तेव्हा उत्तरेश्वरनंच तिला आपल्या कंपनीच्या वाघोलीच्या केंद्रावर नेलं. सहा महिने गोळ्या झाल्या, पूर्ण बरी झाली, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. आईनं गावात सांगितलं, पोरीला पुण्याचं पाणी बाधलं. मुक्ताईला स्वतःला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. कॉलेजात पोरांना ती फळ्यावर गणितं घालायची तशी सरळ होती ती.

या उन्हाळ्यात वारज्याचं स्थळ आलं. आनंद नावाचा मुलगा, माणसं मूळ निलंग्याकडची, चाकणला एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायचा. तीनदा भेटले. तिसऱ्या भेटीहून आल्यावर मुक्ताई पोळ्या लाटताना गुणगुणत होती. दीपमालानं नवऱ्याला खुणेनं दाखवलं, बघा.

जेवताना मुक्ताई म्हणाली, "दादा, पुढच्या रविवारी मी त्याला सांगणार आहे. टीबीचं."

"आत्ताच कशाला गं?" दीपमाला म्हणाली. "बरी झालीस ना? मग झालं. लोकं काय, नुसतं नाव ऐकलं की दोन हात लांब सरकतात."

"म्हणूनच, वहिनी. दुसऱ्याकडून ऐकलं तर सरकेल. मी सांगितलं तर विचारेल. काय व्हायचं, कसं वाटायचं, गोळ्यांनी लघवी लाल होते ते खरं का. त्याला प्रश्न पडतात, मी बघितलंय. माझं हाय, मी सांगणार. तुम्ही दोघं कुणी बोलायचं न्हाई." घरात मनापासून बोलताना ती गावाकडचीच व्हायची.

"न्हाई बोलणार," उत्तरेश्वर म्हणाला.

रविवार यायच्या आत गुरुवार आला. संध्याकाळी सोसायटीत टँकर लागला होता, त्याच्या मोटारीचा घरघराट गॅलरीपर्यंत येत होता, म्हणून उत्तरेश्वरनं आनंदच्या वडिलांचा फोन दुसऱ्या कानात बोट घालून घेतला.

"सोमवंशी साहेब, जरा वाईट वाटतंय सांगायला. पत्रिका जुळत नाही."

पत्रिका त्यांनी दिलीच नव्हती. पहिल्याच बैठकीत आनंदचे वडील म्हणाले होते, आम्ही ते काही बघत नाही. उत्तरेश्वरच्या ओठांवर ते आलं होतं. पण आपल्या घशातून कोणता शब्द निघणार, हे त्याला आधीच माहीत असल्यासारखं झालं.

"बरं," तो म्हणाला.

मुक्ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोड्या वेळानं तिच्या फोनवर आनंदचा निरोप आला, तो तिनं दादासमोर धरला. 'तू सांगायला हवं होतंस. आजाराचं काही नाही. लपवलंस याचं वाटलं.' खाली तिनं उत्तर लिहायला घेतलं होतं, 'रविवारी सांगणारच होते', आणि पाठवलं नव्हतं.

"आता हे कुणाला पटंल?" ती म्हणाली. "मलाच वाचताना खोटं वाटूलालंय."

शुक्रवारी तो नगर रोडच्या कोंडीतून नेहमीपेक्षा तासभर आधी निघाला. चौथ्या मजल्यावर अजून दिवे लागले नव्हते. नोंदी बघायचा अधिकार कंपनीत दोघांनाच होता, तो आणि अवधूत सर. त्यानं बहिणीचा मोबाइल नंबर टाकला. त्याला वाटत होतं, जुनं 'कॉमन' असेल. कुणीतरी तीन महिन्यांपूर्वी, कुलपं लागायच्या आधी बघून ठेवलं असेल. म्हणजे कोण ते कळणार नाही, आणि आपलंही काही चुकलेलं नसेल.

तशी काहीच नोंद नव्हती. नोंदी होत्या तेवढ्या अकरा महिन्यांत त्या रिपोर्टला कुणी हात लावला नव्हता. मग एकच ओळ. विनंती: कुसुम दामले, तक्रार विभाग. कारण: तक्रार. मंजूर करणार: उत्तरेश्वर सोमवंशी. वार सोमवार, वेळ दहा बावन्न. त्याच मिनिटाला, त्याच हातानं, आणखी त्रेसष्ट.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. ओळीत एकही चूक नव्हती. त्यानं बसवलेला सगळा बंदोबस्त जसा चालायला हवा तसाच चालला होता. बहिणीचं नाव त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं, आठ ताऱ्यांच्या आड, आणि ते तारे त्यानंच लावले होते.

कुसुमताई दहाला आल्या. त्यानं त्यांना कँटीनमध्ये नेलं, कोपऱ्यातलं टेबल धरलं. क्रमांक सांगितला, तारीख सांगितली. त्यांनी लपवलं नाही.

"हो, बघितला की. माझ्या योगवर्गातली मैत्रीण वारज्याला राहते, तिच्या शेजारचं स्थळ. तिनं बायोडाट्यावरचा नुसता नंबर पाठवला. म्हणाली, तुझ्याकडं बघ काही आहे का. सगळेच बघतात उत्तरेश्वर, तुम्हाला काय नवीन आहे?"

"कारण तक्रार लिहिलंत."

"मग काय लिहू? तुमच्या त्या रकान्यात चौकशी असा पर्यायच नाही." मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. "काय झालं?"

"माझी बहीण आहे ती."

कुसुमताईंनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"अगं बाई. सोमवंशी नाव बघितलं मी. पण आपल्याकडं तीन सोमवंशी आहेत, आणि केंद्रांवर किती. मला... अहो, तुमची बहीण हे माहीत असतं तर मी असं केलं असतं का?"

"नसतं केलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असती तर?"

त्यांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. मग म्हणाल्या, "मी फक्त एवढंच सांगितलं, की होता, आता बरा आहे. बरा आहे हे मुद्दाम सांगितलं हो मी." त्यांचे डोळे भरले होते. उत्तरेश्वरला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्याला दिसत होता तो जिना, तो डबा, आणि हडपसरचे ते गृहस्थ. तो कुणावर ओरडणार होता?

गैरवापर आढळल्यास चोवीस तासांत लेखी कळवावं, हा नियम त्यानंच लिहिला होता. त्यानं अहवाल लिहिला. विनंती करणाऱ्याचं नाव घातलं, मंजूर करणाऱ्याचंही घातलं. 'मंजुरी न वाचता दिली' असं स्पष्ट लिहिलं. अवधूत सरांनी तो दोनदा वाचला.

"आपली बहीण, हे ऐकून खरंच वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग कागद टेबलावर सरळ करत म्हणाले, "पण गैरवापर कुठाय यात?"

"सर?"

"विनंती आली. कारण लिहिलेलं आहे. अधिकार असलेल्या माणसानं मंजूर केलं. एक दिवसात पान बंद झालं. नोंद आहे. उत्तरेश्वर, विमावाल्यांची माणसं तीन तारखेला तपासायला येताहेत. उदाहरण म्हणून एखादी नोंद दाखवा म्हणाले तर मी हीच दाखवीन. इतकी स्वच्छ आहे."

"कारण खोटं होतं."

"खरं कारण लिहिलेली एक तरी विनंती तुमच्या नोंदींत सापडेल?" सरांनी कागद त्याच्याकडं सरकवला. "हे वर गेलं तर कुसुमताई दहा महिने आधी घरी जातील. तुम्हीही जाल. आणि तुमच्या जागी जो येईल, तो पहिल्या दिवशी काय करेल माहितीये? फळ्यावर पासवर्ड लिहील. ठरवा."

उत्तरेश्वरनं कागद उचलला. घडी घालून वहीत ठेवला, 'असू द्या'च्या पानांत. अहवाल वर गेला नाही.

त्या संध्याकाळी त्यानं मुक्ताईला सांगितलं. सगळं, एक सोडून. हडपसरचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दीपमाला मुलीला घेऊन खाली गेली होती. मुक्ताई उत्तरपत्रिका तपासत पलंगावर बसली होती, तिनं लाल पेनाचं टोपण लावलं.

"तू मंजूर केलास?"

"हो."

"तुला माझं नाव न्हाई दिसलं?"

"नाव झाकलेलं होतं. मीच झाकलं होतं. कुणाला दिसू नये म्हणून."

"अन् तिला दिसलं."

"मी मंजूर केल्यावर दिसलं."

ती हसली, म्हणजे नाकातून नुसती हवा सोडली. "आई गावभर सांगती, माझं लेकरू कुलपं लावतंय." मग म्हणाली, "काढून टाक माझा रिपोर्ट तिथनं."

"काढता येत नाही. ठरावीक वर्षं ठेवायलाच लागतो. पुसायचा अधिकार कुणालाच ठेवलेला नाही."

"कुणी ठरवलं?"

तिनं टोपण काढलं, पुढची उत्तरपत्रिका उघडली, एक गणित पूर्ण तपासलं, गुण दिले. मग मान वर न करता म्हणाली, "दादा, कंपनीला मी एक पेशंट म्हणून विचारणार हाय. माझा रिपोर्ट कुणी कुणी बघितला अन् कामून. लेखी. तू सांगितलेलं मला घरातलं झालं. मला ते त्यांच्याकडनं पाहिजे. आनंदला पाठवीन. निदान त्याला कळंल, मी सांगायच्या आधी कुणीतरी माझ्या तोंडातनं काढून घेतलं."

"पाठव," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं की काहीतरी होऊ शकतं. कागदावर आलं, कंपनीच्या शिक्क्यानं आलं, तर ते खोटं वाटणार नाही. तिनं त्याच्यासमोर कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. नाव, मोबाइल नंबर, प्रश्न. 'आपली विनंती मिळाली' असा निरोपही आला.

सोमवारी त्याच्या यादीत बहात्तर विनंत्या होत्या. 'सर्व मंजूर' हे बटण त्यानं शनिवारीच काढून टाकलं होतं. एकेक उघडून वाचत गेला. एकोणिसावीला त्याचा हात थांबला. नावाच्या जागी आठ तारे होते, पण रुग्ण क्रमांक आता त्याला पाठ होता.

विनंती: कुसुम दामले, तक्रार विभाग. कारण: तक्रार. या वेळी तक्रार खरी होती.

पेशंटनं विचारलेला कुठलाही प्रश्न तक्रार विभागाकडं जायचा, ही रचना त्याचीच. आणि उत्तर देण्यासाठी विभागानं आधी रिपोर्ट उघडून माणसाची खात्री करायची, ही अटही त्याचीच. एकाच्या नावानं दुसऱ्याच कुणी माहिती मागू नये म्हणून. म्हणजे मुक्ताईचा रिपोर्ट कुणी बघितला हे तिला कळवायचं, तर तो पुन्हा बघायला लागणार होता. कुसुमताईंनीच. त्यानंतर त्या नोंदींसाठी अवधूत सरांकडं जाणार, आणि सर काय लिहायला सांगणार हे त्याला शब्दासहित ऐकू येत होतं. नियमानुसार अधिकृत व्यक्तीनं, योग्य कारणासाठी, रीतसर मंजुरीनं. असं पत्र आनंदच्या हातात पडलं असतं. लपवलं ते लपवलं, वर पोरगी कंपनीवर आळ घेते, एवढंच त्यातून निघालं असतं.

त्यानं मान वळवून बघितलं. लांब तक्रार विभागात कुसुमताई बसल्या होत्या. त्यांनी इकडं बघितलं नाही. कधी नव्हे ते त्यांच्या फोनची घंटी वाजत होती आणि त्या उचलत नव्हत्या.

मंजूर करावं तर बहिणीचं दुखणं पुन्हा त्याच हातात. नामंजूर करावं तर तिचा प्रश्नच आपोआप बंद. तिसरं काही त्यानं बांधलेल्या त्या घरात ठेवलेलं नव्हतं. मागं अवधूत सरांच्या बुटांचा आवाज आला. "बहात्तर का आज? आवरा लवकर, केंद्रांवर बोंब आहे," एवढं म्हणून ते पुढं गेले.

त्यानं नामंजूर केलं. कुणीही, एकदासुद्धा, आता ते पान उघडू नये, एवढंच त्या क्षणी त्याला सुचलं. पडद्यावर यादी उघडली: नामंजुरीचं कारण निवडा. चार पर्याय त्यानंच कुलपं बसवताना एका दुपारी घाईत लिहिले होते. त्यातल्या तीन पर्यायांचा इथं संबंध नव्हता. चौथा निवडला, आणि विसावी विनंती उघडली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा मुक्ताई इस्त्री करत होती. कॉलेजच्या सहा साड्या घड्या घालून खुर्चीवर, सातवी टेबलावर. तिनं इस्त्री उभी केली, फोन उचलला आणि दुसऱ्या कुणाला वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात वाचलं, "आपली विनंती बंद करण्यात आली आहे. कारण अपुरे."

दीपमाला आतून म्हणाली, "म्हणजे काय?"

"म्हणजे मला माझंच बघायला माझ्याकडं पुरेसं कारण न्हाई, वहिनी." मुक्ताईनं फोन पालथा ठेवला. इस्त्री पुन्हा धरली, साडीचा काठ सरळ केला, त्यावरून एकदा फिरवली. मग विचारलं, "दादा, हे कोण ठरवतंय रे तिथं?"

उत्तरेश्वर अजून हेल्मेट हातात धरून दारातच उभा होता.

"मी," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, वर्गात कुणी बरोबर उत्तर दिल्यावर हलवायची तशी, आणि इस्त्री फिरवत राहिली. काठावरची चुणी केव्हाच गेली होती.